पाहुणीसाठी धुतलेलं पाणी

ऐन लूझा
२ मार्च १९९७

वसीला पोरी,

सासूचा सलाम घे. घ्यायचा नसेल तर कोपऱ्यात ठेवून दे, पण निझारच्या दोन्ही गालांचे मुके त्याला आजच पोचव, उद्यावर टाकू नकोस.

अक्षर वाकडं आहे, मला माहीत आहे. दोन हिवाळे तूच माझ्या हातात पेन्सिल देऊन बसवलंस, "उम्मी, रेघेवर लिहा, रेघेवर" म्हणून माझं डोकं खाल्लंस. आता माझी पत्रं वाचायची वेळ तुझ्यावरच आलीय, तर भोग आपल्या कर्माची फळं. लसादच्या हाती निरोप देऊन काही उपयोग नाही. तो महिन्यातून एकदा बंदरावरून येतो, बेजाला तुझ्याकडे जेवतो, इथे माझ्याकडे जेवतो आणि दोघींनाही हो म्हणतो. असा मुलगा माझ्या पोटी कसा आला, अल्लाह जाणे.

मुद्द्यावर येते. आपलं पाणी चांगलं आहे. हे मी म्हणत नाही, सरकारी बाई म्हणतेय. जानेवारीत निझार आजारी पडला, दवाखान्यात त्या एवढ्याशा हाताला सलाइन लावलं, ते मी विसरलेले नाही. तू त्याला दवाखान्यातून परस्पर माहेरी नेलंस आणि सांगून गेलीस, की या गावातल्या पाण्याचा थेंब त्याच्या तोंडात पडणार नाही, त्याची सुंताही इथे होणार नाही. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण तू जाताना जे बोलले तेवढंच. त्यानंतर मी आपल्या हमादीला आरोग्य खात्यात पाठवलं. म्हटलं, पंपाचा राखणदार तू, तूच जा आणि पाणी तपासणाऱ्या माणसाला घेऊन ये, म्हणजे माझ्या सुनेचं समाधान होईल.

माणूस नाही, बाई आली. दलेंदा नाव. तुझ्याच वयाची, पण तुझ्यासारखी तोंडाळ नाही. बर्फाची पेटी, काचेच्या बाटल्या, सगळा सरंजाम घेऊन आली. वळण चांगलं आहे तिचं, आदल्या दिवशी तालुक्याहून येणाऱ्या बशीरच्या गाडीबरोबर निरोप पाठवला, की उद्या येतेय, चालेल ना. न कळवता कुणाच्या दारात उभी राहणारी ती नव्हे. आपलं घर रस्त्यालगतचं, त्यामुळे पाणीही आपल्याच नळाचं घेतलं आणि जेवलीही आपल्याकडेच. परवा कागद आला. पाणी पिण्यास योग्य. हमादीनं तो कागद कॉफीवाल्याच्या भिंतीवर लावलाय, येणारा-जाणारा वाचतो, न वाचता येणाराही वाचतो.

तर आता काय म्हणणं आहे तुझं? उन्हाळ्यात सुंता करायची, इथे, त्याच्या आजोबांच्या अंगणात, जिथे लसादची झाली. मी मेंढा बघून ठेवलाय. निझारचं ते पिवळं पिल्लू आता मोठा कोंबडा झालंय. पहाटेपासून सगळ्यांना ओरडतो म्हणून शेजारची जलीला त्याला हेडमास्तर म्हणते. त्याला विचार, हेडमास्तर कापायचा की ठेवायचा.

मी बरी आहे. मधे थोडे दिवस अंथरुणात होते, ताक आंबलेलं होतं. लसादला सांगू नकोस.

तुझी सासू,
हनिया

*

ऐन लूझा
२७ एप्रिल १९९७

वसीला,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "उम्मी, निझार कागदावर आजारी पडला नव्हता, पोटानं पडला होता." एवढ्यासाठी तिकीट कशाला लावलंस, कावळ्याबरोबर निरोप पाठवायचा.

ईदचं वाळवलेलं मटण बशीरकडे दिलंय, तेल आणि मिरची लावून. निझारला फार देऊ नकोस. त्याच्याशिवाय ईद कशी गेली ते विचारू नकोस. ईदचा मेंढा कापला तेव्हा माझा पदर धरून पाठीमागे लपणारं कुणी नव्हतं. मी वाटे करत बसले आणि सारखी मागे वळून बघत होते. जाऊ दे.

तुझी ती ओळ वाचल्यावर मी दलेंदाला पुन्हा बोलावलं. म्हटलं, एकदा नव्हे, दहादा तपासा. ती गुरुवारी आली. आता तुला सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे तुला कळेल की या गावात पाण्याची किती काळजी घेतात.

बुधवारी दुपारी बशीरनं हॉर्न वाजवला आणि गाडीतूनच ओरडला, "हनिया मावशी, पाणीवाली उद्या येतेय." झालं, गाव कामाला लागलं. जलीलानं तिच्या लेकीला पाठीला बांधलं आणि माझ्या अंगणाला चुना मारायला आली. लेकीचं पोट बिघडलं होतं, सारखी कण्हत होती, तरी आली बिचारी. मी नळ राखेनं घासला, मग जावेलच्या ब्लीचनं घासला, अगदी चादरी पांढऱ्या करायला ठेवलेलं चांगलं जावेल काढलं. हमादी टेकडीवरच्या टाकीशी गेला. जाताना मला विचारलं, "वहिनी, किती ओतू?" म्हटलं, "पाहुणीला शोभेल एवढं ओत." त्यानं टाकीत जावेलचा अख्खा कॅन ओतला. आणि एरवी पंप थोडा वेळ चालवून बंद करतो, तो त्यानं गुरुवारी पहाटेपासून चालू ठेवला, नळ पाहुणीसमोर खोकायला नको म्हणून. बायकांनी घरोघरी नळ सोडून पाइपातलं जुनं पाणी वाहून घालवलं. सगळी गल्ली ओली झाली.

दलेंदानं काय केलं, तर मी घासलेल्या नळाला स्पिरिटचा पेटता बोळा लावला. म्हटलं, "अगं, आरसा झालाय त्याचा, अजून काय भाजतेस?" ती हसली. "मावशी, नियम आहे." मग बारक्या नळीत पाणी घेऊन गोळी टाकली आणि पाणी लग्नातल्या सरबतासारखं गुलाबी झालं. ती म्हणाली, गुलाबी म्हणजे पाण्यात जंतू मारायचं जावेलचं औषध आहे. "राखणदार कामाचा दिसतोय तुमचा." हमादी शेजारीच उभा होता, त्याची मान एवढी ताठ झाली, की संध्याकाळपर्यंत खाली आली नाही.

आणि चहा मात्र मी तिला जावेलच्या पाण्याचा दिला नाही हं. बुधवारी सकाळी भरलेला एक रांजण बाजूला ठेवला होता, ओतायच्या आधीचा, आपला आतून कतरानचं वासाचं डांबर लावलेला. जावेलच्या पाण्याचा चहा पाहुणीला द्यायला मी काय अडाणी आहे? त्याच रांजणातलं वाडगाभर थंड पाणीही दिलं. एका दमात प्यायली. म्हणाली, "मावशी, कतरानचा वास आला की आजीचं घर आठवतं." मी अजून एक वाडगा भरला. आपल्या पाण्याची चव बेजात नाही, हे तूही मान्य करशील.

कागद येईल तेव्हा कळवीनच. तोवर सुंतेचा दिवस बघ.

हनिया

*

ऐन लूझा
१८ मे १९९७

वसीला,

कागद आला, पाणी योग्य, आणि त्याच गाडीनं तुझं पत्र आलं. "उम्मी, बाकीच्या दिवशी हमादीकाका किती जावेल ओततात?"

बाकीच्या दिवशी कशाला ओततील? रोज कोण ओततं? त्यानं चहा नासतो, मसुराला वास येतो, कतरान लावलेल्या रांजणाची चव जाते. गेल्या वर्षी हमादीला आरोग्य खात्यानं दम दिला म्हणून त्यानं आठवडाभर ओतलं, तेव्हा जलीलानं बादली नेऊन त्याच्या दारात उपडी केली होती. तू होतीस की इथे. तूही नाकाला पदर लावला होतास, आता साळसूदपणे मला विचारतेस.

आणि पुढे लिहितेस, की ही फसवणूक झाली. हे वाचून मला असा राग आला, की मी रोटी तंदुरात विसरले. फसवणूक म्हणजे काय? घरात वाईट असताना चांगलं दाखवणं. आम्ही काय दाखवलं? पाहुणी येणार म्हणून घर धुतलं. पाणी हे घरातच येतं, तेही धुतलं.

आम्ही तुला मागणी घालायला बेजाला आलो, तो दिवस आठव. तुझ्या आईनं भिंतींना चुना दिला होता, अजून ओला होता, माझ्या काळ्या शालीला लागला. खुर्च्या शेजारच्यांकडून आणलेल्या. एका खुर्चीच्या पाठीला कॉफीच्या दुकानाचं नाव होतं, त्यावर तुझ्या वडिलांनी टॉवेल टाकला, तो दोनदा घसरला. आणि तू, तू डोळे खाली घालून लाजत बसली होतीस. लग्नाला सात वर्षं झाली, त्यानंतर तुला एकदा तरी लाजताना पाहिलंय का मी? मी कुणाला म्हटलं, की आम्हाला फसवलं? नाही म्हटलं. कारण आम्ही येणार म्हणून तुमच्या घरानं कष्ट घेतले, हे मला त्या ओल्या चुन्यावरूनच कळलं आणि बरं वाटलं. त्याच दिवशी तू मला आवडलीस. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज रागात सांगतेय.

सुंता बेजाला करायची असेल तर करा. मी येणार नाही. सुंतेसाठी घेतलेला मेंढा विकून टाकते.

हनिया

१९ मे

हे पत्र कालच टाकणार होते. बरं झालं टाकलं नाही. फाडणारही नाही, रागही तुझ्या वाट्याचाच आहे, असू दे. पण आज जे झालं ते खाली लिहिते.

सकाळी बशीर आला. मी दलेंदासाठी अंडी दिली, की तालुक्याला जातोयस तर तिला दे. तो अंडी हातात घेऊन उभाच राहिला. म्हणाला, "मावशी, ती बाई नुकतीच अंथरुणातून उठलीय. महिना होत आला. इथून गेली आणि दोन दिवसांत पोटानं पडली. ताप, जुलाब, निझारसारखंच. आता कामावर येते, पण गाल बसलेत."

मी विचारलं, "मग कागद कुणी पाठवला?" तो म्हणाला, "बाटल्या तपासणारे दुसरे असतात मावशी."

बशीर गेल्यावर मी ओट्यावर बसले ती बसलेच. पोरी, मी ते पाणी माझ्या हातानं भरलं होतं. पहिला वाडगा मी आपणहून दिला, दुसरा आग्रहानं. तिच्या बाटलीत मी धुतलेलं पाणी घातलं आणि तिच्या तोंडात आपलं रोजचं. बाटली ठणठणीत राहिली आणि पोरगी आजारी पडली. यात आता कुणाला काय विचारायचं राहिलं?

आणि निझार तर रोज तेच पीत होता.

तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. मी अजून रागावलेली आहे, पण तुझ्यावर नाही.

*

ऐन लूझा
१५ जून १९९७

वसीला,

तू लिहिलंस, "आता दलेंदाबाईंना सगळं सांगून टाका." एवढं सोपं असतं तर. सांगितलं असतं तर ती पुन्हा निरोप पाठवून आली असती आणि हमादीनं पुन्हा कॅन उपडा केला असता. मी हमादीशी बोलले. तो म्हणतो, "वहिनी, ती आजारी पडली ती तालुक्याच्या खानावळीत जेवून. आपल्या पाण्याचे दोन दोन कागद आहेत." जलीलाची लेक अजून हातपाय काडीसारखे करून पडलीय, तरी जलीलाही कागदच दाखवते. कागद मीच आणवला, आता मलाच दाखवतात.

म्हणून मी काय केलं ते वाच, आणि वाचून मला वेडी म्हण.

दलेंदाला पुन्हा पाणी तपासायला ये एवढंच कळवलं होतं, म्हणून सोमवारी बशीरनं हॉर्न वाजवायच्या आधी मीच रस्त्यावर जाऊन त्याला गाठलं. दलेंदाचा निरोप होता, उद्या येते. म्हटलं, "हा निरोप मला पोचला. आता तू तो विसर." बशीर घाबरला. "मावशी, गावाला न सांगता पाहुणी आणू? लोक मला गाडीतून ओढून काढतील." म्हटलं, "मी सांगेन त्यांना, मला ओढा."

मंगळवारी सकाळी मी काही केलं नाही. लिहायला एवढंसं आहे, करायला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. हातांना सवय झालेली. दोनदा केरसुणी उचलली, दोनदा ठेवली. कोंबड्यांनी अंगण घाण केलं होतं, ते तसंच ठेवलं. रोटी केली नाही, केली असती तर वास गल्लीत गेला असता आणि जलीलानं विचारलं असतं, कोण येतंय. पंप बंद होता. हमादी कॉफीवाल्याकडे पत्ते खेळत होता. शेवटी मी हात मांडीखाली घेऊन बसले, निझार शिक्षा झाल्यावर बसायचा तशी.

दलेंदा आली. वाळलीय पोरगी, घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं. दारात उभी राहिली, अंगण बघितलं, थंड तंदूर बघितला, माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही. उठले असते तर रांजणाकडेच गेले असते.

ती हळूच म्हणाली, "मावशी, माझं काही चुकलं का? मी आजारी पडले ते इथलं पाणी पिऊन, असं मी कुणालाही म्हटलं नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं. म्हटलं, "का नाही म्हटलंस?"

"तुमच्या हातचं पाणी प्यायले आणि आजारी पडले, असं कोणत्या तोंडानं म्हणू?"

बघ वसीला. मी माझ्या वळणानं तिला आजारी पाडलं आणि ती तिच्या वळणानं गप्प बसली. दोघीही चांगल्या घरच्या.

म्हटलं, "आधी बाटली भर. मग बोलू."

तिनं नळ सोडला. नळ खोकला, तांबूस गुळणी टाकली आणि करंगळीएवढी धार लागली. तिनं पाणी बराच वेळ वाहू दिलं, नळाचं तोंड भाजलं, बाटल्या भरल्या. मग त्या बारक्या नळीत गोळी टाकली. गोळी विरघळली आणि पाणी होतं तसंच राहिलं. तिनं नळी हलवली, उन्हात धरली. काहीच नाही, गुलाबीचा ठिपका नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, कॅन, पंप, बाजूला ठेवलेला रांजण. ती ओट्यावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "निरोप पाठवत तर मीच आले ना मावशी. आई म्हणायची, न कळवता कुणाकडे जाऊ नये."

ऊन चढलं होतं. तिनं पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवायला लागली. म्हटलं, "पी." माझ्या अंगणात बसून पाहुणीनं घरून आणलेलं पाणी प्यायलं आणि मी बघत राहिले. माझ्या सासूनं हे पाहिलं असतं तर कबरीतून उठून आली असती. पोरी, हे मी निझारसाठी केलं. दुसऱ्या कुणासाठी माझ्याच्यानं झालं नसतं.

तेवढ्यात हमादीला कुठूनतरी कळलं, तो धावत आला, हातात पत्ते तसेच. अंगण बघून त्यानं कपाळाला हात लावला. "वहिनी, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." म्हटलं, "तोंड नको, पाणी दाखवलंय."

आता एक खरं सांगते. मार्चच्या पत्रात मी अंथरुणात होते म्हणून लिहिलं, तेव्हा ताक आंबलेलं नव्हतं. मला तेव्हा तेच झालं होतं जे निझारला झालं, आणि तुला कळू नये म्हणून ताकावर घातलं. ताक चांगलं होतं.

हनिया

*

ऐन लूझा
१० जुलै १९९७

वसीला,

कागद आला. गुरांच्या पोटातली घाण पाण्यात आहे, पिऊ नये, उकळून प्यावं. मीच तो नेऊन आधीच्या दोन कागदांशेजारी लावला. कॉफीवाला म्हणाला, "हा तरी नको लावूस मावशी, इथे बाहेरगावची माणसं येतात."

त्यानंतर काही दिवस बायका माझ्या तंदुरावर आल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीतून धूर यायचा आणि मला कळायचं, की आज सगळ्या तिकडे जमल्यात. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. एकटीच्या चार रोट्या भाजायला तंदूर पेटवणं जिवावर येतं. हेडमास्तरला घालायचे त्या.

पहिली जलीला आली. पीठ घेऊन आली, लेकीला माझ्या मांडीवर दिलं आणि पीठ मळायला बसली, जसं काही झालंच नाही. मधेच म्हणाली, "उकळून देतेय आठवडाभर. काल तिनं पोटभर जेवण मागितलं." मग पिठाकडे बघत म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस?" म्हटलं, "सांगितलं असतं तर तू अंगणाला चुना मारायला आली असतीस." ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग रोट्या जळल्या.

आरोग्य खात्याची माणसं आली, यावेळी निरोप न देता. पाइपाच्या कडेकडेनं सगळी गल्ली खणली. घाण कुठून येत होती सांगू? हमादीच्या गोठ्यामागून. पंपाचा राखणदार तो, आणि पाइपाचा सांधा सुटलेला त्याच्याच शेणाच्या ढिगाखाली. दलेंदानं सांगितलं, की पंप चालू असतो तोवर पाणी आतून जोर करतं, घाण आत शिरत नाही. पंप बंद झाला, की पाइप अर्धवट रिकामा होतो आणि बाहेरचं ओढून घेतो. म्हणजे पाहुणीसाठी दिवसभर पंप चालायचा तेव्हा सगळं ठीक, आणि आपल्यासाठी थोडा वेळ चालून बंद व्हायचा तेव्हा शेण.

हमादी खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्यानं फावडं घेतलं आणि ढीग एकट्यानं उपसायला लागला. त्याचीही नातवंडं तेच पाणी पितात. संध्याकाळी मी त्याला चहा नेऊन दिला, उकळलेल्या पाण्याचा. तो म्हणाला, "वहिनी, तू बरं केलंस असं मी म्हणणार नाही." म्हटलं, "नको म्हणूस, चहा पी."

नवा सांधा बसलाय, टाकी आतून घासलीय. हमादी आता रोज मापानं जावेल घालतो, पाहुणीला शोभेल एवढं नाही, आपल्याला पचेल एवढं. चहाची तक्रार होतीच, पण जलीलानं शोधून काढलं, की पाणी रात्री पसरट भांड्यात जाळी टाकून उघडं ठेवलं तर सकाळी वास निघून जातो. कतरानची चव मात्र थोडी मारली जाते. ते मी सोसते.

मेंढा विकलेला नाही. विकणार कोण होतं.

हनिया

*

ऐन लूझा
३ ऑगस्ट १९९७

वसीला पोरी,

दलेंदा तेव्हापासून तीनदा येऊन गेली, एकदाही कळवून नाही. पहिल्या वेळी बायकांनी तोंडं वाकडी केली, आता कुणी मान वर करून बघतही नाही. हमादीच्या नळाचं पाणी घेतलं, जलीलाच्या नळाचं घेतलं, एकदा मशिदीबाहेरच्या नळाचं. तिन्ही चांगली. परवा ती आली तेव्हा मी गुरांकडे होते, तर तिनंच चूल पेटवून चहा ठेवला. चूल पेटवता येत नाही तिला, घरभर धूर केला. येताना रोटी तिची ती घेऊन येते, आणि माझ्या रांजणातलं पाणी पिते, दोन वाडगे, न मागता.

ती बारकी नळी आणि गोळ्यांची डबी तिनं माझ्याकडे ठेवलीय. रोज सकाळी मी नळाचं पाणी घेऊन बघते. गुलाबी येतं, पण लग्नातल्या सरबतासारखं नाही, फिकट, निझारच्या नखांसारखं. एक दिवस आलं नाही, तेव्हा मी तशीच अनवाणी हमादीकडे गेले. तो झोपला होता. आता नाही झोपत.

लसाद सांगत होता, तू यायचं ठरवलंयस आणि दिवस नक्की करून मला कळवणार आहेस. हे ऐकून मी इतकी आनंदले, की त्याला दुसऱ्यांदा जेवायला वाढलं आणि तो जेवलाही.

पण पोरी, दिवस कळवू नकोस. कळवलंस तर माझे हात माझं ऐकणार नाहीत. मी नळ घासेन, हमादी टेकडीवर पळेल, जलीला चुन्याची बादली घेऊन येईल, आणि तुझ्या पोराला पुन्हा पाहुण्याचं पाणी मिळेल. तुला हवी ती गाडी पकड, हव्या त्या दिवशी ये. दार नुसतं लोटलेलं असतं. मी घरात नसले तर थांबू नकोस, नळाशी जा, तुझ्या हातानं सोड, नळी आणि गोळ्या कोनाड्यात आहेत, रंग बघ. आधी तू पी. मग निझारला दे.

रोटी कालची असेल. अंगण झाडलेलं नसेल, हेडमास्तर तर नक्कीच अंगावर धावून येईल. मला राग येणार नाही आणि लाजही वाटणार नाही. कळवून पाहुणे येतात. तू घरची आहेस.

तुझी उम्मी